एकादशीचा टाका

आमची तुळजाआत्या महिन्यातून दोनदा काशीच्या वाटेला लागायची. दोन्ही एकादशांना. पहाटे विहिरीवर डोक्यावरून पाणी घेऊन, ओलेत्यानेच ती लोखंडी ट्रंक उघडायची, वेताच्या नळीत गुंडाळून ठेवलेला पट काढायची आणि माजघरातल्या लाल सिमेंटच्या जमिनीवर पसरायची. पटाला टोचून ठेवलेली सुई काढून एक टाका घालायची. टाका जवाच्या दाण्याएवढा. दाणा शेजारी ठेवून, मोजून. मग पटाला हात लावून डोळ्यांना लावायचे, नळी बंद, ट्रंक बंद. तिची त्या पंधरवड्याची मजल झाली. मी जन्मले तेव्हा ती तिरुपतीच्या पुढे गेलेली होती, असं अम्मा सांगायची. मला कळायला लागलं तेव्हा ती श्रीशैलाचा डोंगर उतरत होती.

मद्रासच्या एग्मोर स्टेशनमागच्या एका गल्लीत आमचं भाड्याचं बिऱ्हाड होतं. दोन खोल्या, माजघर, स्वयंपाकघर आणि मागे सहा घरांत मिळून एक विहीर. अण्णा, माझे वडील, रेल्वेच्या कचेरीत कारकून होते. शेजारी सगळे तमिळ. ते आम्हाला ‘रायर वीडु’ म्हणायचे, म्हणजे मराठ्यांचं घर. आम्ही घरात जे बोलायचो ते मराठीच, पण पुण्याहून कोणी पाहुणा आला तर तोंडावर हात धरून हसायचा. आमची माणसं तंजावरात दोनअडीचशे वर्षं राहिली, तिथून मद्रासला आली, आणि वाटेत भाषेला ऊन-पाऊस लागला त्याला कोण काय करणार! मी आता ज्या मराठीत लिहिते आहे ती पुस्तकं वाचून शिकलेली आहे. आत्याची मराठी मला लिहिता येते, पण बोलायची सवय गेली. बोलायला आता समोर कोणी उरलेलंही नाही.

पट आत्याच्या सासरचा. तिच्या सासऱ्यांचा कोणी पूर्वज राजवाड्यात लिहिणावळीवर होता, त्याने तो करवून घेतला म्हणायचे. पुरुषभर उंचीचं जाड खादीसारखं कापड, त्यावर अख्खं जग. मधोमध सोन्याचा मेरू, भोवती द्वीपं आणि त्यांचे समुद्र: खाऱ्या पाण्याचा, उसाच्या रसाचा, तुपाचा, दह्याचा, दुधाचा. खाली भरतखंड, त्याच्या पोटात नद्या आणि तीर्थं. आणि खाऱ्या समुद्राच्या कडेकडेने, बंदरात आलेल्या खलाशांना, व्यापाऱ्यांना, पाद्र्यांना विचारून घातलेले मुलूख: फिरंगाण, वलंदेज म्हणजे डच, डिंगमार म्हणजे डेन, इंग्रज, रूम, हबसाण, चीन. चित्रकाराने गोपुराशिवाय दुसरं देऊळ पाहिलेलं नसावं. त्याने काशीवर गोपुर काढलं तसंच मक्केवर काढलं, यरुशलेमवर काढलं आणि रूमवरही काढलं. शेजारी बारीक मोडीत लिहिलेलं: येथे मुसलमान यात्रेस जातात, येथे ईसा नामें सत्पुरुष जन्मला, टोपीकर यात्रेस जातात. अण्णा मूडमध्ये असले की आम्हाला हे वाचून दाखवायचे आणि हसायचे. मला मात्र लहानपणी ते अगदी बरोबर वाटायचं. जग म्हणजे ठिकठिकाणची गोपुरं आणि तिकडे चालत निघालेली माणसं, यात हसण्यासारखं काय आहे, हे मला कळत नसे.

त्या घरातल्या बायकांची रीत अशी, की जिला यात्रेला जाता येत नाही तिने पटावरून जायचं. तंजावरपासून टाका घालत निघायचं, तीर्थ आलं की टाक्यावर एक गाठ मारायची, त्या गावी असल्यासारखे तीन दिवस नेम पाळायचे आणि पुढे निघायचं. पटावर अशा बायकांच्या जुन्या ओळी होत्या. एक निळ्या दोऱ्याची, ती कांचीला संपत होती. एक लाल, ती गोदावरीच्या अलीकडे दोन बोटांवर. ओळ जिथे थांबली तिथे ती बाई संपली. काशीला एकही ओळ पोचलेली नव्हती.

आत्याला पोचायचं होतं. तिचं लग्न आठव्या वर्षी झालं आणि अकराव्या वर्षी ते मोडूनही गेलं. नवरा पंधरा वर्षांचा, पटकीने गेला. त्याचा चेहरा तिला आठवत नव्हता. लग्नाच्या होमापुढे बसल्या बसल्या तो तिच्या खांद्यावर डोकं टाकून झोपला होता, एवढीच एक आठवण. त्याचं काशी-गयेचं करायला मागे कोणी नव्हतं. सासूने मरताना पट हिच्या हाती दिला आणि सांगितलं, तू काशीला पोच, म्हणजे तो सुटेल. तोवर तो वाटेतच बसलेला. आत्याने हे शब्दशः घेतलं. पन्नाशी उलटलेली, आलवण नेसलेली, एक वेळ जेवणारी ही बाई एका पंधरा वर्षांच्या मुलाला सोडवायला निघाली होती. कधी ताप आला आणि एकादशी चुकली, तर ती भिंतीकडे तोंड करून म्हणायची, “आज तो उगाच थांबला की रे.” अशा दिवशी तिच्याशी कोणी बोलायचं नाही.

एकादशीला ती पाणीसुद्धा बेतानेच घ्यायची. म्हणून द्वादशीची पहाट आम्हा सगळ्यांची. अम्मा अंधारातच अगत्तीची, म्हणजे हादग्याची, पानं निवडायला बसायची. त्यांची नारळ घातलेली भाजी, आवळ्याची चटणी, गरम भात, वर तूप, आणि माझ्यासाठी डांगर पचडी, उडदाचं भाजलेलं पीठ दह्यात कालवून वर हिंगाची फोडणी दिलेली. तो हिंगाचा वास, कॉफीच्या फिल्टरवर अण्णांनी चमच्याने केलेली टकटक आणि मागे एग्मोरला सुटणाऱ्या गाडीची शिट्टी, या तिन्ही गोष्टी माझ्या मनात एकाच ताटात वाढलेल्या आहेत. शिट्टी ऐकून आत्या दर वेळी विचारायची, “ही कोठची?” अण्णा सांगायचे, तंजावरची, नाहीतर तिरुचीची. एग्मोरच्या गाड्या सगळ्या दक्षिणेकडे जायच्या. उत्तरेच्या गाड्या सेंट्रलहून. आत्या म्हणायची, “माझ्या वाटेची एकही नव्हे,” आणि भातावर तूप ओढून घ्यायची.

आठवीत मला भूगोलात पहिलं बक्षीस मिळालं. बक्षीस म्हणून एक मोठा ॲटलास, चकचकीत पानांचा, निळ्या कापडी पाठीचा. आमच्या भूगोलाच्या मिसनी माझं नाव आत वळणदार अक्षरात लिहिलं होतं. पंधरा दिवस मी तो उशाशी घेऊन झोपत होते. घरात कोणी काही बोललं की मी त्याला अक्षांश-रेखांश सांगायची. अम्मा म्हणायची, या पोरीला आता आमटीत मीठ घालायलाही नकाशा लागेल. खरं सांगायचं तर मी तेव्हा फार असह्य मुलगी असणार. हुशार मुली त्या वयात असतात.

त्या एकादशीला आत्याने टाका घातला आणि पट गुंडाळण्याआधी मला हाक मारली. जगन्नाथपुरीची गाठ मारून तिला दोन वर्षं होऊन गेली होती. आता गया, आणि मग काशी. पटावर चार बोटं अंतर उरलं होतं.

“सच्चू, तुझें तें नवें बुक आण गे. त्यांत काशी आहे काय?”

“आहे की. सगळंच आहे.”

“मग दाखीव मज. किती राहिलें तें पाहतें.”

तिच्या तोंडावर इतका आनंद होता, की मला तो अजून दिसतो. तिने आजवर पटाखेरीज कुठे काही विचारलं नव्हतं. मी ॲटलास आणला, काशीवर बोट ठेवलं. तिने त्या ठिपक्याला नमस्कार केला. एवढ्यावर थांबले असते तर! पण मला माझी विद्या दाखवायची होती. मी तेलकट कागद आणला, पटावरची तिची टाक्यांची ओळ त्यावर उतरवून घेतली, तंजावर आणि कांची ही दोन ठिकाणं धरून हिशेबाने ती लहान केली आणि ॲटलासच्या पानावर ठेवली. तिरुपती जवळपास जुळली. श्रीशैल जरा बाजूला पडलं. राजमहेंद्री काठावर. आणि तिथून पुढची सगळी ओळ निळ्या रंगात गेली.

आत्या वाकून पाहत होती. “हें निळें काय?”

“समुद्र. बंगालचा उपसागर.” मी हसत होते. “आत्या, तू सहा वर्षं समुद्रातून चालते आहेस!”

“दुधाचा?”

“दुधाचा समुद्र नसतोच कुठे. तुपाचाही नसतो आणि मेरूही नाही. कोणीतरी तंजावरात बसून ऐकीव गोष्टींवरून रंगवलंय ते. हा खारा समुद्र. या वाटेने तू काशीला पोचणारच नाहीस.”

मेरू गेल्याचं तिला काहीच वाटलं नाही. “मेरू मज कशाला? तेथें देव राहतात, त्यांचें ते पाहतील,” असं ती म्हणाली, आणि ते म्हणताना थोडी हसलीसुद्धा. मग पुन्हा निळ्या पानाकडे पाहत राहिली. आमच्याकडे जुन्या माणसांत समुद्र ओलांडला की धर्म गेला, केलेलं पुण्य वाहून गेलं, असं मानत. हे मलाही ठाऊक होतं, पण त्या क्षणी माझ्या डोक्यात नव्हतं. तिच्या डोक्यात तेवढंच राहिलं.

“दर्यांतून गेलें,” ती हळू म्हणाली. “मज कोणी सांगितलें नाही. मग तो कोठें राहिला असेल?”

अम्मा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने येऊन ॲटलास माझ्या हातातून काढून घेतला आणि कपाटावर टाकला. मी रुसले, कारण मी काही खोटं सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी अण्णा कचेरीतून आले. आत्याने त्यांच्यासमोर पट मांडला आणि विचारलं, “सुंदरा, तूं वाचतोस. खरें सांग. मी पाण्यांत आहें काय?” अण्णांनी माझा तेलकट कागद पाहिला आणि त्यांना माझं कौतुक वाटलं. बापाला वाटतंच. ते म्हणाले, “अक्का, पोरगी सांगते तें बरोबरच आहे. त्या काळीं लोकांना काय ठाऊक होतें? तूं हें सोड. मी पास काढतों, सेंट्रलला गाडींत बसूं, दोन रात्रींत काशी.”

“चालत निघालें मी. त्याला गाडींत कोठें शोधूं?”

“सरी, सरी, बरें. उन्हाळा होऊं दे, मग पाहूं,” म्हणून अण्णा पाय धुवायला विहिरीवर गेले. अण्णा वाईट नव्हते. त्यांना थकून आल्यावर कॉफी हवी होती, एवढंच. पण ते एक वाक्य वेगळं बोलले असते तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं, असं मला वाटतं. आणि मग आठवतं, की त्यांच्याआधी बोलले होते ती मी.

पुढच्या एकादशीला आत्या आंघोळ करून ट्रंकेपुढे बसली आणि ट्रंक उघडलीच नाही. त्याच्या पुढच्या एकादशीलाही नाही. दुपारी मी अभ्यास करत असताना ती शेजारी येऊन बसली. “सच्चू, मागें फिरायचें झालें, राजमहेंद्रीपर्यंत, तर किती एकादशा लागतील गे?” मी वहीतून डोकंही वर केलं नाही. म्हटलं, “मागे यायला एकादशा कशाला, आत्या? उसवायचं तर एका दुपारचं काम.” ती उठून वाती वळायला गेली. वाक्य माझ्या तोंडून किती सहज गेलं याची मला आता लाज वाटते. पण तेव्हा वाटली नाही, हेही लिहायला हवं.

मे महिन्यात ॲटलासची पाठ उसवली. मी तो दिवसभर उलटा-सुलटा करायची, दोष माझाच होता. आत्याने तो मागून घेतला आणि दोन दिवसांनी शिवून दिला. दाभणाने भोकं पाडून, पाठीवरून आडवे टाके घालून, चांगला भक्कम. “घे. आतां सुटणार नाही,” म्हणाली. मी पाहिलं तर दोरा पिवळट, जाडाभरडा, मध्ये मध्ये गाठी. “काय गे आत्या, पांढरा नव्हता का? शाळेत सगळ्या हसतील मज!” तिच्याशी बोलताना कधी कधी माझ्याही तोंडात तिचीच भाषा यायची. ती म्हणाली, “घट्ट आहे तें पाहा. रंग कोण पाहतें?” मी त्यावर खाकी कागदाचं कव्हर घातलं आणि विसरून गेले.

उन्हाळा गेला. पास काढायचा राहिला. कचेरीत काम होतं, मग अम्माची तब्येत, मग आणखी काही. आत्या जेवायची, वाती वळायची, एकादशा पाळायची. द्वादशीला अगत्तीची भाजी पूर्वीसारखीच व्हायची. पण गाडीची शिट्टी झाली की आता ती विचारत नसे. मला वाटलं, बरं झालं, सुटली त्या खुळातून. आडीच्या, म्हणजे तमिळ आषाढाच्या, महिन्यात तिला ताप भरला. डॉक्टर येऊन गेले, कषाय, काढे झाले, ताप उतरेना. सातव्या दिवशी दुपारी मी तिच्या कपाळावर ओली घडी बदलत होते आणि शिट्टी झाली. तिने डोळे उघडले.

“कोठची?”

“तंजावरची, आत्या.”

“मग मागेंच चालली,” म्हणाली. त्यानंतर ती बोलली नाही. दिवेलागणीला गेली.

रीतीप्रमाणे पट पुढच्या बाईकडे जायचा. आत्याला मूल नव्हतं, म्हणून तो माझ्याकडे येणार हे ठरलेलं होतं. तेराव्याचं जेवण झाल्यावर, माणसं गेल्यावर अम्माने ट्रंक उघडली आणि नळी माझ्या हातात दिली. अण्णा आणि मी मिळून पट पसरला. निळी ओळ होती, लाल ओळ होती. आत्याची ओळ नव्हती. तंजावरपासून जगन्नाथाच्या पुढे, काशी चार बोटं उरेल तिथवर नुसती सुईची भोकं होती, बारीक, एकसारखी. आणि जिथे जिथे तीर्थ होतं तिथे गाठ ओढून काढल्याने पडलेलं मोठं भोक. माझ्या जन्माआधीपासूनची वाट तिने टाक्या-टाक्याने उसवली होती. बाकीच्या बायका वाटेत मेल्या, पण त्यांच्या ओळी राहिल्या. हिने वाटच ठेवली नाही. अण्णा भोकांवरून हात फिरवत राहिले आणि मग मोठ्याने रडले. त्यांना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

दोऱ्याचं काय झालं असेल, हे मला त्याच दिवशी कळलं. आत्याचं सूत घरचं असायचं, वातीच्या कापसाचं, तिने हाताने वळून हळदीत बुडवलेलं. मी कपाटावरून ॲटलास काढला, खाकी कव्हर फाडलं, आणि पाठीकडे पाहून पुन्हा तसाच ठेवून दिला. ते मी कोणालाच सांगितलं नाही, अम्मालाही नाही. त्या टाक्यांना हात लावायची माझी हिंमत झाली नाही. पुढे बत्तीस वर्षं मी मुलींना भूगोल शिकवला. तो ॲटलास जुना झाला, त्यातले देश बदलले, सरहद्दी बदलल्या, पण त्याची पाठ कधी सुटली नाही.

पटावर मी एकही टाका घातला नाही. काशीला मात्र जाऊन आले, नवऱ्याबरोबर, गाडीने, दोन रात्रींत. गंगेत उभी राहून मी त्या मुलाचं नाव घ्यायला गेले तर मला ते ठाऊकच नाही हे लक्षात आलं. आत्या नवऱ्याचं नाव घेत नसे, आणि आम्ही कोणी कधी विचारलं नव्हतं. मी तशीच ओंजळ सोडली आणि वर आले.

आता मी अंबत्तूरला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहते. खाली दिवसभर कारखान्यांचे टेम्पो आणि बसगाड्या. निवृत्त झाल्यावर हट्टाने मोडी शिकले, ती पटाच्या किनारीवरचा मजकूर वाचायला. अण्णा गमतीच्या ओळी तेवढ्या वाचायचे. किनार त्यांनी कधी वाचली नव्हती. मला ती लावायला तीन महिने लागले. तिथे लिहिलं आहे: अंतर कोसांनी नव्हे, मजलींनी जाणावें, चालणारणीचे पाय तेच प्रमाण. म्हणजे त्या माणसाने जमीन मोजलीच नव्हती. चालायला किती दिवस लागतात ते काढलं होतं. जिथे डोंगर, जंगल, नद्या, तिथे वाट लांब; जिथे सपाटी, तिथे आखूड. त्या नकाशावर माझी पट्टी चालतच नव्हती. आत्या समुद्रात नव्हती. ती जगन्नाथाच्या पुढे, गयेच्या वाटेवर, कोरड्या जमिनीवर उभी होती, आणि मी तिला बुडवलं. भूगोलात पहिलं बक्षीस मिळवून.

त्या दिवशी मी ॲटलास मांडीवर घेतला आणि पहिल्यांदाच पाठीवरच्या दोऱ्यावरून बोट फिरवलं. दोरा अजून पिवळा आहे. जिथे गाठ अडत होती तिथे तिने दाभणाने भोक मोठं करून ती वर काढली आहे, एकही सोडवलेली नाही. मी मोजत गेले. श्रीरंग, चिदंबर, कांची, तिरुपती, श्रीशैल, राजमहेंद्री, सिंहाचल, जगन्नाथ. आठ. दोरा पुढे बोटभर जातो आणि संपतो, तिथे नववी गाठ आहे. शिवण संपवताना कोणीही मारतं तशी असेल. पण ती साधी गाठ नाही. इतर आठ मारल्या आहेत तशीच मारलेली आहे, दुहेरी, तीर्थाची, आणि पटावर ती नव्हती. मी तिच्यावर बोट ठेवून बसले, आणि बराच वेळ मला ते उचलता आलं नाही.